वादकाने पेढा खाऊ नये

कोणी आपल्या तोंडात बळजबरीने पेढा कोंबला तर त्याविरुद्ध दाद मागायची सोय आपल्या कायद्यात नाही. मी चौकशी केली आहे. आमच्या सोसायटीत दोन वकील राहतात. पहिले म्हणाले, गुन्हा ठरायला हेतू वाईट असावा लागतो. दुसऱ्यांनी माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पेढा दिला, कारण त्यांच्या पुतणीचं त्याच दिवशी लग्न ठरलं होतं.

हा प्रश्न मला पडला तो माउथ ऑर्गनमुळे. माझी बायको नीता उरण तालुक्यात, जासईच्या जरा पुढे, एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होती. नोव्हेंबरअखेर ती निवृत्त होणार होती. एकतीस वर्षं तिने नवीन पनवेलहून भल्या सकाळी निघून, कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत शाळा गाठली, आणि या सगळ्यात माझा डबा एकदाही चुकला नाही. बदल्यात मी तिला काय दिलं? मिक्सर. प्रेशर कुकर. एका वाढदिवसाला तर गॅसची नवी शेगडी दिली आणि तिच्यावरचा पहिला चहा तिच्याकडूनच करून घेतला. म्हणून या खेपेला मी ठरवलं, की तिच्या सेवापूर्ती समारंभात, तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, तिच्या आवडीचं एक जुनं भावगीत माउथ ऑर्गनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. तिला अजिबात न सांगता. एक दिवस तिने नुसतं खुर्चीत बसावं, तिच्यासाठी कोणीतरी काहीतरी करावं, आणि तो कोणीतरी मी असावा, एवढंच मला हवं होतं.

कॉलेजात आपण माउथ ऑर्गन वाजवायचो असं सांगणारे गृहस्थ पनवेलमध्ये दर बिल्डिंगीत तीन तरी सापडतात. मी त्यांतला एक. आणि मी दोन वर्षांपूर्वीच कंटेनर यार्डातल्या कागदपत्रांच्या नोकरीतून निवृत्त झालेलो असल्यामुळे नीता शाळेत गेली की अख्खं घर रियाजाला मोकळं होतं. नवा माउथ ऑर्गन आणला, तांदळाच्या डब्यामागे लपवला आणि कामाला लागलो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर सत्यजीत नावाचा संगणकवाला राहतो. तो कंपनीच्या बँडमध्ये गिटार वाजवतो, म्हणून फक्त त्यालाच विश्वासात घेतलं. त्याने दुसऱ्याच दिवशी मला मोबाइलवर ‘स्टेजवर माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी सूचना’ पाठवल्या. कुठून आणल्या कोण जाणे, पण लिहिणारा माणूस अनुभवी आणि पोळलेला असावा. प्रेक्षकांतला एक आपुलकीचा चेहरा निवडून त्याच्याकडे बघून वाजवावं. माइकला वाद्य टेकवू नये. चूक झाली तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नये (ही सूचना मी संसारात बत्तीस वर्षं पाळतो आहे). ओठ कोरडे पडू देऊ नयेत. घोट घोट पाणी पीत राहावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ठळक अक्षरांत: वाजवण्याआधी गोड खाऊ नये. गोडाची लाळ आतल्या पितळी पट्ट्यांवर जाते, चिकटते, आणि सूर बसतो तो वाद्य खोलून साफ करेपर्यंत.

“काका, तुम्ही दिवसभरात केव्हाही वाजवायला घेता,” सत्यजीत म्हणाला, “त्यापेक्षा कार्यक्रम होईपर्यंत गोड बंदच करा ना.”

मी गोड बंद केलं. मोठी पाण्याची बाटली बरोबर ठेवू लागलो. ओठांना तूप लावू लागलो. पाणी फार होत असल्यामुळे रात्री दोनदा उठू लागलो. ही चार वाक्यं वाचून तुमच्या लक्षात जे आलं ते माझ्या आलं नाही. मी सुरांच्या नादात होतो.

आठवड्याभरात समोरच्या फ्लॅटमधल्या वसुंधरावहिनी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या. मी नुकता कडव्यावर आलो होतो. दार उघडलं तर समोर वाटीभर शिरा, वर केळ्याचे काप, कडेने सुटलेलं तूप. आता प्रसाद नाही म्हणता येत नाही आणि नंतर खातो असंही म्हणता येत नाही. तो देणाऱ्याच्या देखत तोंडात टाकावा लागतो, आणि वसुंधरावहिनी तर पोचपावती घेतल्याशिवाय हलत नाहीत.

“घ्या ना भावोजी. हातात देऊ का?”

“नाही, म्हणजे, सध्या गोड जरा...” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा झर्रकन बदलला. “शुगर?”

या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण वसुंधरावहिनींना सांगितलेलं गुपित लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचतं. नीताला कळलं की संपलंच सगळं. मी मान खाली घातली. नुसती मान खाली घातली, एक शब्द बोललो नाही; पण खोटं बोलायला शब्दच लागतात असं थोडंच आहे! वर मी आणखी एक शहाणपणा केला. म्हणालो, “वहिनी, नीताला मात्र कळू देऊ नका. रिटायरमेंट तोंडावर आलीय, उगाच काळजी करील.”

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी इतका थोर माणूस आहे याची त्यांना तीस वर्षांच्या शेजारात कल्पनाच नव्हती.

संध्याकाळी त्यांचे यजमान विनायकराव आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी आणि बारा वर्षांचे जुने मधुमेही. एरवी ते माझ्याशी पार्किंगपलीकडे बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बरेच दिवस एकटंच चौकीदारी करणाऱ्या माणसाला जोडीदार मिळावा तसा त्यांना आनंद झाला होता, आणि तो दुःखात लपवताना त्यांची ओढाताण होत होती. त्यांनी आपलं मशीन काढून माझं बोट टोचलं. आकडा एकशे चार आला. “सुरुवातीला असंच फसवतं,” विनायकराव म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला जिन्यात कारल्याचा रस. नीता घरून निघाली की सात मिनिटांनी ते पेला घेऊन हजर. मी तो रस दोन महिने प्यायलो. त्यात साखर नव्हती, म्हणजे सूचनांचं उल्लंघन होत नव्हतं, एवढंच समाधान.

आता कार्यक्रमपत्रिकेत नाव घालणं भाग होतं. एक दिवस नीता वर्गावर असताना मी चोरासारखा शाळेच्या ऑफिसात शिरलो. तिथे दादू भाऊसाहेब म्हणून हेडक्लार्क आहेत. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

“सायेब, सेवापूर्तीला मॅडमच्या मिस्टरांनी जोडीनं खुर्चीत बसायचं असतंय. शाल घ्यायची, श्रीफळ घ्यायचा. वाजवायची तरतूद नाय.”

“करता येणार नाही का?”

“बँजो पार्टी हाय का? बँजोला परवानगी लागते.”

मी खिशातून माउथ ऑर्गन काढून दाखवला. भाऊसाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, एका भोकातून पलीकडे बघितलं आणि परत दिला. “याला कशात घालू? करमणुकीत घातला तर कमिटीपुढं जाईल, कमिटी जानेवारीत बसते.” बराच विचार करून त्यांनी मला ‘मनोगत’ या सदरात बसवलं. पत्रिकेवर छापून आलं: ‘मॅडमच्या मिस्टरांचे मनोगत (वाद्यासह), तीन मिनिटे’. कमलाकर हे माझं नाव कुठेच नव्हतं. पण क्रमांक तिसरा होता, सत्काराच्या आधी, म्हणजेच पेढ्यांच्या आधी, म्हणून मी अपमान गिळला. नीताच्या हातात ती पत्रिका पडू नये म्हणून मी भाऊसाहेबांना गळ घातली, तर ते म्हणाले, “मॅडमना आमी कधीच काय दाखवत नाय.”

शनिवारी दुपारी समारंभ. शाळेच्या पटांगणात मांडव, चार-पाचशे माणूस. सगळा खर्च शिवाचा. शिवा म्हणजे शाळा कमिटीचा चेअरमन आणि नीताचा माजी विद्यार्थी. तिने त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. आज त्याचे अकरा ट्रेलर आहेत आणि या यशाचं सगळं श्रेय तो तिला देतो. “बाईंनी पास केला असता तर मी कुठंतरी कारकून असतो,” हे वाक्य त्याने त्या दिवशी माइकवरून तीनदा सांगितलं. माजी कारकून या नात्याने मी टाळ्या वाजवल्या.

आम्हा दोघांना लग्नातल्यासारख्या लाल गादीच्या खुर्च्यांवर बसवलं. मला फेटा बांधला, तोही असा कानांवरून आवळून, की बाहेरचं काही नीट ऐकू येईना. डाव्या खिशात माउथ ऑर्गन, उजव्या खिशात पाण्याची लहान बाटली. नीता मोरपंखी साडीत बसली होती. हातात घडी केलेला कागद. आठवडाभर रोज संध्याकाळी ती आपलं मनोगत लिहीत होती आणि खोडत होती. तो आपुलकीचा चेहरा मी निवडून ठेवला होता. तो माझ्या शेजारीच होता, त्यामुळे वाजवताना मान वाकडी करावी लागणार होती, पण माझी तयारी होती.

आणि प्रमुख पाहुणे पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकले. ते आल्याशिवाय मनोगतं सुरू करता येईनात. मग दादू भाऊसाहेबांनी पत्रिकेवर पेनने बाण काढला आणि सत्कार वर घेतले.

आमच्याकडचा सत्कार पेढा भरवल्याशिवाय पुरा होत नाही. शाल पांघरली, नारळ दिला, तरी देणाऱ्याच्या मनाला पुरेसं वाटत नाही. त्याला आपल्या हाताने पेढा तुमच्या तोंडात घालायचा असतो आणि तो घालताना फोटोवाल्याकडे बघायचं असतं, त्यामुळे तो नेमका तोंडात जातोच असंही नाही. पहिला पेढा आला तेव्हा मी चपळाईने म्हणालो, “आधी बाईंना!” आणि भरवणाऱ्याचा हात नीताकडे वळवला. दुसऱ्यालाही तसंच. पाचव्या पेढ्याला नीता तोंड न हलवता म्हणाली, “अहो, माझ्याकडे काय ढकलताय सगळे?” तेवढ्यात शिवा स्वतः पुढे आला. त्याच्या हातात पेढा नव्हता, पेढ्याचा अर्धा किलोचा एकच मोदक होता.

“सर, आ करा.”

“शिवा, नको रे.”

“असा कसा नको? बाईंचं मिस्टर म्हंजे आमचं बाप! आ करा!”

पुढच्या रांगेत नीताने आमंत्रण दिलेले विनायकराव बसले होते. आपला जोडीदार आपल्या डोळ्यांदेखत मोदकाने मरणार हे त्यांना सहन झालं नाही. ते ताडकन उठले, स्टेजवर चढले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

“थांबा!” ते म्हणाले. “हे गुपित मी आयुष्यभर जपणार होतो. पण आज बोललं पाहिजे. हा माणूस गेले दोन महिने गंभीर मधुमेहाशी झुंजतो आहे. एकटा! पत्नीच्या सुखाच्या दिवसात विरजण पडू नये म्हणून त्याने घरात कळूसुद्धा दिलं नाही. मी स्वतः रोज जिन्यात त्याला कारल्याचा रस पाजला आहे.”

मागून कोणीतरी हुंदका दिला. शिवाने मोदक टेबलावर ठेवला आणि माझे पाय धरले. “सर, आमाला का नाय सांगितला?” बायकांच्या बाजूने वसुंधरावहिनी पदराला डोळे पुसत मान डोलावत होत्या. फेट्यामुळे मला हे सगळं दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं, पण नीताचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

“किती आहे?”

“काय किती?”

“शुगर. किती आहे?”

“अगं, मला शुगर नाहीये.”

“खोटं बोलू नका. सारखं पाणी पिता. ओठ सुकतात. रात्री उठता. दिवाळीचा लाडू तोंडाला लावला नाहीत. मला काय दिसत नव्हतं का? मी सोमवारी तुमची लॅबची वेळ घेतलीय. समारंभ होऊ दे, मग बोलू म्हणून गप्प होते.” तिने हातातला कागद आणखी एकदा दुमडला. “तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत, आणि मला नाही?”

इतक्यात पाहुणे आले, आणि गोंधळलेल्या निवेदकाने थेट नीताचंच नाव पुकारलं. ती उठून माइकसमोर गेली. कागद उघडला. “मुलांनो,” म्हणाली आणि थांबली. चष्मा काढला. पुन्हा घातला. कागदाची घडी केली आणि अगदी हळू म्हणाली, “मला घरी जायचंय.”

घंटा व्हायच्या आत कधी वर्गाबाहेर पाऊल न टाकलेली ही बाई. तिचा दिवस मीच तिच्या हातातून काढून घेतला होता, तिला भेट द्यायच्या हौसेपायी. मला माझीच इतकी लाज वाटली की विचारायची सोय नाही. शब्दांवर ती आता विश्वास ठेवणार नव्हती. टेबलावर शिवाचा मोदक होता आणि खिशात दोन महिन्यांचा रियाज होता. दोन्ही एकाच तोंडात मावणार नव्हते.

मी मोदक उचलला आणि खायला लागलो.

आरडाओरडा झाला. “सर, सोडा तो! येडे झाले का तुमी?” म्हणत शिवाने माझं मनगट धरलं. विनायकरावांनी दुसरं धरलं. मी फेट्यासकट डोकं खाली नेऊन थेट मोदकाचा लचका तोडला. भाऊसाहेब ‘पाणी आणा, पाणी आणा’ म्हणून धावत होते. तोंडातला अर्धा खवा गिळत मी माइकवर ओरडलो, “मला काही झालेलं नाही! मला बाजा वाजवायचा होता! गोड खाल्लं की बाजा वाजत नाही!”

कोणाचाच विश्वास बसला नाही. विनायकराव कोणाला तरी सांगत होते, की शुगर मेंदूत गेली की असंच होतं.

नीता मात्र वळली. माझ्याकडे नीट बघितलं, एकतीस वर्षं मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघत आली तसं.

“खिशात काय आहे? बाहेर काढा.”

मी माउथ ऑर्गन बाहेर काढला.

“वाजवा.”

मी वाजवला. पहिली ओळ चांगली आली. ते गाणं कोणतं आहे हे तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. दुसऱ्या ओळीला एक सूर गेला. कडव्यावर आलो तेव्हा तीन सूर गेले होते आणि उरलेल्यांतून ट्रेलर रिव्हर्स घेताना निघतो तसा आवाज येत होता. सूचनेप्रमाणे चेहऱ्यावर काही दिसू न देता मी फुंकत राहिलो. एका भोकातून खवा बाहेर आला. मग सगळंच बंद पडलं.

नीता हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. बाईंना हसताना त्या शाळेत कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दोन पिढ्या आ वासून बघत राहिल्या. तिने माइक जवळ ओढला. “उत्तर चुकलंय,” ती म्हणाली. “पण रीत बरोबर आहे. अर्धे गुण.” मांडव टाळ्यांनी दणाणला. मग तिने कागद न उघडता वीस मिनिटं भाषण केलं, आणि ते इतकं सुंदर केलं की पाहुण्यांनी आपलं रद्द केलं.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. बाईंचे मिस्टर ठणठणीत आहेत हे सिद्ध झाल्यावर प्रत्येक माजी विद्यार्थ्याला त्या आनंदात मला पेढा भरवावासा वाटला. सुरुवातीला नाही म्हणालो होतो, तेव्हा आता एकालाही नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. पस्तिसाव्या पेढ्यानंतर मी मोजणं सोडलं.

सोमवारची लॅबची वेळ मात्र नीताने रद्द केली नाही. “पैसे भरलेत,” म्हणाली. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, ती केली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “काठावर आहे. पेढ्यांमुळे नव्हे, आधीपासूनच असणार. बरं झालं वेळेवर आलात. आता गोड कायमचं बंद.” विनायकरावांनी ही बातमी ऐकून जिन्यातच मला मिठी मारली. दोन महिने मी ज्या आजाराचं सोंग घेत होतो तो खरंच दाराशी येऊन बसला होता, हे पचवायला कारल्याहून कडू होतं.

घरी आल्यावर मी तोंड पाडून बसलो. नीताने साखरेचा डबा उचलून समोर वसुंधरावहिनींकडे नेऊन दिला. परत आली, दार लावलं, गॅस बंद केला आणि दिवाणखान्यात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. हातात भाजी नव्हती, वह्या नव्हत्या, काहीच नव्हतं.

“आता तुमच्या तोंडात कोणी काही घालायचं नाही,” ती म्हणाली. “बाजा मी परवाच सत्यजीतकडून साफ करून आणलाय. वाजवा पहिल्यापासून. अर्धे गुण राहिलेत तुमचे.”

मी उठून चूळ भरून आलो.